टीव्हीवरचा जुना चित्रपट : आधी प्रत ओळखा, मग मत द्या

प्रश्न असा आहे : कोल्हापुरात शिवाजी पेठेत वीस-बावीस जणांचा कट्टा आहे. दर रविवारी टीव्हीवर लागलेला एखादा जुना मराठी किंवा हिंदी चित्रपट, कधी माहितीपट, एकत्र बघायचा आणि नंतर त्यावर बोलायचं. टीव्ही ४३ इंची, सोबत सेट टॉप बॉक्स. पण चर्चा हल्ली चार तक्रारींवरच अडते. माणसं जाड-बुटकी दिसतात, आवाज बारीक येतो, मूकपटातली पात्रं पळतात आणि गाणं किंवा प्रसंग कापलेला वाटतो. यातलं मूळ चित्रपटाचं किती आणि टीव्हीचं किती?

चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि चारही ओळखता येतात. एवढं मात्र पक्कं धरा की टीव्हीवर दिसतो तो चित्रपट नसतो, चित्रपटाची एक प्रत असते. निगेटिव्हवरून प्रिंट, प्रिंटवरून टेप, टेपवरून फाइल, फाइलवरून प्रक्षेपण, मग तुमचा बॉक्स आणि शेवटी तुमचा टीव्ही. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळतं किंवा चिकटतं. शेवटचे दोन टप्पे आपल्या हातात आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

माणसं जाड दिसतात याचं कारण चौकट. मूकपटाची चौकट १.३३ ला १, बोलपटाची १.३७ ला १, म्हणजे उंचीपेक्षा रुंदी एक तृतीयांशानं जास्त. आजच्या टीव्हीची चौकट १.७८ ला १. जुनं चित्र या पडद्यावर नीट बसवलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. तुमच्या ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो. त्यात जुन्या चित्राची रुंदी ७१ सेंटिमीटर आणि दोन्हीकडे जवळजवळ १२-१२ सेंटिमीटरचे पट्टे. म्हणजे जुना चित्रपट बघताना तुमचा टीव्ही प्रत्यक्षात ३५ इंची असतो. हे कट्ट्यावर सगळ्यांना एकदा मोजायची टेप लावून दाखवाच, कारण ‘पट्टे नकोत’ म्हणणारी मंडळी प्रत्येक गटात असतात आणि त्यांच्या हाती रिमोट गेला की दोनपैकी एक गोष्ट होते. ‘फुल’ किंवा ‘वाइड’ दाबलं तर चित्र आडवं ताणलं जातं आणि माणूस ३३ टक्के रुंद होतो. ‘झूम’ दाबलं तर रुंदी बरोबर राहते, पण चित्राची पाव उंची जाते, वरून साडेबारा टक्के आणि खालून साडेबारा टक्के. ‘संत तुकाराम’च्या शेवटी वर सरकणारं विमान मग चौकटीबाहेर लवकर जातं आणि खाली जमलेल्या माणसांचे पाय तुटतात. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी त्या चौकटीतली बोटभर जागासुद्धा विचार करून वापरली आहे. पट्टे सोसावेत, चित्र कापू नये.

बसवण्याची पद्धत अशी. आधी बॉक्सच्या मेनूत जा, टीव्हीच्या नाही. तिथे ‘डिस्प्ले’ किंवा ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ (म्हणजेच १.७८ ला १) ठेवा आणि जुन्या आकाराच्या चित्रासाठी ‘पिलर बॉक्स’, ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ यांपैकी जो पर्याय असेल तो निवडा. मग टीव्हीत चित्राचा आकार १६:९ किंवा ‘ओरिजिनल’ करा. दोन्हीकडे एकाच वेळी फेरफार केले की एक ताणतो, दुसरा कापतो आणि कोणी काय केलं हे कळेनासं होतं. त्यानंतर टीव्ही कडा खातो का ते पाहा. जुन्या नळीच्या टीव्हीच्या सवयीनं आजचेही बरेच टीव्ही चारी बाजूंनी थोडं चित्र पडद्याबाहेर ढकलतात. ते बंद करायचं बटण एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’ आणि सोनीत ‘डिस्प्ले एरिया’ खाली ‘फुल पिक्सेल’ या नावानं मिळतं.

आता खरी गोम. आपण सगळं नीट लावलं तरी माणसं जाडच दिसत असतील तर वाहिनीनंच चित्र ताणून सोडलेलं असतं. हे तपासायला गोल वस्तू शोधा. वाहिनीचं कोपऱ्यातलं चिन्ह तपासू नका. ते चित्रपटावर नंतर चिकटवलेलं असतं, त्यामुळे चित्रपट ताणलेला असला तरी चिन्ह गोलच राहतं आणि आपली फसगत होते. चित्रपटाच्या आतली, समोरून दिसणारी वस्तू हवी : भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी, बाजूनं घेतलेल्या दृश्यातलं बैलगाडीचं चाक, पौर्णिमेचा चंद्र. ग्रामोफोनवर आडवी ठेवलेली तबकडी चालत नाही, ती मुळातच लंबगोल दिसते. चित्र थांबवता येत असेल तर थांबवा आणि शिंपिणीची मऊ टेप पडद्याजवळ धरून रुंदी-उंची मोजा. उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी २० भरली तर ताण पूर्ण तृतीयांशाचा आहे. अशा वेळी टीव्हीचा आकार ४:३ (म्हणजेच १.३३ ला १) करा. संपूर्ण चित्र पुन्हा दाबलं जातं आणि माणसं सरळ होतात. चिन्ह मग उभट दिसेल, दिसू दे.

एक अपवाद आहे. सिनेमास्कोप चित्रपट, म्हणजे हिंदीत ‘कागज के फूल’पासून (१९५९) आलेली २.३५ ला १ ची चौकट, जुन्या ४:३ टेपवर वर-खाली पट्टे देऊन उतरवलेली असते. ती टेप आजच्या पडद्यावर आली की चारी बाजूंना पट्टे पडतात आणि चित्र मधोमध पोस्टकार्डाएवढं राहतं. इथे मात्र ‘झूम’ योग्य, कारण कापले जातात ते वर-खालचे रिकामे पट्टे. उलट, सिनेमास्कोप चित्रपट पट्ट्यांशिवाय ४:३ मध्ये भरलेला दिसला, तर जवळजवळ ४३ टक्के चित्र बाजूंनी उडालेलं आहे. दोघं बोलतात आणि पडद्यावर एकच दिसतो, किंवा दृश्य न बदलता चौकट विनाकारण डावी-उजवीकडे घसरते, ही त्याची खूण. यावर घरी उपाय नाही. अशा प्रतीवरून छायाचित्रणाबद्दल मत देऊ नये.

टीव्हीच्या चित्राचे बाकीचे खटके एकदाच लावून ठेवा. चित्राचा प्रकार ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद (सोनीत तिचं नाव ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’). ती दोन चौकटींच्या मध्ये नसलेल्या चौकटी बनवून घालते आणि १९३७ चा चित्रपट काल स्टुडिओत चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद. जुन्या फिल्मचे कण त्याला घाण वाटतात, ते पुसता पुसता तो चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि लुगड्याची वीणही पुसतो. ‘शार्पनेस’ बहुतेक टीव्हींत शून्याजवळ ठेवा. सोनीत मात्र मधला ५० हाच तटस्थ आकडा असतो, तिथे शून्य केलं तर चित्र मऊ पडतं. रंगतापमान ‘वॉर्म’. कारखान्यातून आलेल्या टीव्हीत पांढरा रंग निळसर असतो आणि कृष्णधवल चित्रपट त्यात थंडगार, नीळ घातल्यासारखा दिसतो.

ब्राइटनेस लावायला बाजूचे काळे पट्टेच कामाला येतात. ते शुद्ध काळे असतात, तर प्रिंटमधला काळा किंचित उजळ असतो. रात्रीचं दृश्य लागलं की पट्टे अगदी काळे राहतील आणि काळ्या कोटाच्या घड्या जेमतेम दिसतील इथपर्यंत ब्राइटनेस आणा. दिवसा बघत असाल तर पडदे ओढा. उघड्या खिडकीसमोर सगळ्या करड्या छटा एकसारख्या होतात, मग कॅमेरामननं कितीही कष्ट घेतले असोत.

संगणकानं रंगवलेली आवृत्ती लागली तर मेनूत ‘कलर’ शून्य करा, मूळ कृष्णधवलच्या बरंच जवळ जाता येतं. ‘नया दौर’ (१९५७) २००७ मध्ये आणि ‘हम दोनो’ (१९६१) २०११ मध्ये रंगवून पुन्हा प्रदर्शित झाले, त्यांना हा उपाय चालतो. ‘मुगल-ए-आझम’ला मात्र जपून. १९६० च्या मूळ चित्रपटातही शीशमहालाचं गाणं आणि शेवटाकडचे काही प्रसंग रंगीतच होते, तेवढ्यापुरता रंग परत द्या.

आता आवाज. बारीक आवाजाचं कारण बहुधा वेग असतं. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण २५ चौकटींचं. फिल्म टेपवर उतरवताना सोपा मार्ग म्हणजे २४ च्या जागी सरळ २५ नं चालवणं. चित्रपट चार टक्के लवकर संपतो, दोन तासांचा एक तास पंचावन्न मिनिटांत. चालताना-बोलताना हा फरक डोळ्यांना कळत नाही, पण कानाला कळतो, कारण आवाजही तेवढाच वर चढतो. किती, तर एका अर्धस्वराचे सुमारे सात दशांश. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या दिशेनं निम्म्याहून पुढे सरकतं. कट्ट्यावर कुणी पेटी वाजवणारं असेल तर षड्ज धरून बघायला सांगा. सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकत असेल तर वेग वाढल्याचा संशय घ्यायला जागा आहे. एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नका, कारण त्या काळच्या पेट्यांचे सूरही एकसारखे नव्हते. शिवाय अलीकडच्या काही प्रतींत वेग वाढवूनही स्वर संगणकानं जागेवर आणलेला असतो. वेळेचा हिशेब जुळला तरच नक्की म्हणा. तो हिशेब पुढे देतो.

आवाज बारीक असण्याचं दुसरं कारण ध्वनिपट्टी. फिल्मच्या कडेला छापलेल्या त्या पट्टीत फार वरच्या कंपनांचा आवाज मुळातच मावत नाही. म्हणून टीव्हीवर ‘ट्रेबल’ वाढवलं तर गायिकेचा आवाज नाही, फक्त खरखर वाढते. ट्रेबल दोन-तीन घरं खाली, बेस मध्यावर, ‘सराउंड’ बंद. या चित्रपटांचा आवाज एकाच भोंग्यासाठी केलेला आहे. हॉलमध्ये बघत असाल तर दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवण्यापेक्षा टीव्हीच्या खाली मधोमध एक चांगला स्पीकर ठेवा. बोलणं तोंडातून आल्यासारखं वाटतं आणि मागच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांनाही शब्द कळतात.

‘ऑटो व्हॉल्यूम’ तर हमखास बंद हवं. आवाज कमी झाला की ते आपणहून वाढवतं, आणि शांत प्रसंगात वाढवायला खरखरीशिवाय काही नसतं. ‘कुंकू’ (१९३७) घ्या. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत वापरलेलं नाही, प्रसंगातले खरे आवाज तेवढे आहेत. त्यातली शांतता हाच त्या घरातला कोंडमारा आहे. शांततेत खरखर उसळली की अर्धा चित्रपट हातचा जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, जुन्या काळी आवाजाचं तंत्र कच्चं होतं.

मूकपटातली पळापळ हा वेगळाच प्रकार आहे. मूकपटाला एक ठरलेला वेग नव्हता. कॅमेरा हातानं फिरवायचा. सर्वसाधारणपणे हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. पण कॅमेरामनचा हात, प्रसंगाची गरज आणि पुढे थिएटरांची घाई यांमुळे १६ ते २२ पर्यंत काहीही सापडतं. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो बाबूराव पेंटरांनी इथेच बनवलेल्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. त्या कॅमेऱ्यालाही मोटर नव्हती, हँडल होतं. अशी १८ चौकटींची फिल्म टेलिसिनेवर (फिल्म टेपवर उतरवणाऱ्या यंत्रावर) सरळ २५ नं चालवली की पात्रं ३९ टक्के जोरात धावतात. चार टक्के डोळ्याला कळत नाहीत, ३९ टक्के मात्र हसू आणतात, आणि गंभीर अभिनयाचं हसं होणं हा त्या नटांवर अन्याय आहे. तुमच्याकडे प्रत फाइलमध्ये असेल आणि प्लेअरमध्ये वेग बदलता येत असेल तर ०.६५ ते ०.९ च्या मध्ये फिरवून पाहा. पाणी ओतणं, पायरी उतरणं, मुलाचं रडणं अशा हालचाली पाहून वेग ठरवा. घोडा आणि धावपळ पाहून ठरवू नका, तो वेग आपल्याला अंदाजानं माहीत नसतो.

वेगाचा घोटाळा छापील माहितीतही शिरतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात, म्हणून १६ च्या वेगानं एक फूट म्हणजे बरोबर एक सेकंद. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ३,७०० फुटांचा. १६ च्या वेगानं तो तासाभराहून थोडा जास्त चालेल. तो ‘चाळीस मिनिटांचा’ असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं, ते गणित २४ च्या वेगानं केलं की येतं. आज टीव्हीवर त्याचे जे तुकडे दिसतात त्यांबद्दलही जाणकारांचं मत असं आहे की ते १९१७ च्या फाळक्यांच्याच दुसऱ्या आवृत्तीतले आहेत. म्हणून ‘हे बघा १९१३’ असं छातीठोक सांगू नये.

आता कापाकापी. हा विषय जरा सावकाश घेऊ, कारण ‘सेन्सॉरनं कापलं’ आणि ‘वाहिनीनं कापलं’ ही दोन वाक्यं फार सहज बोलली जातात.

पहिलं काम, जाहिराती वगळून चित्रपटाची निव्वळ वेळ मोजणं. मोबाइलचं स्टॉपवॉच श्रेयनामावलीच्या पहिल्या चौकटीला सुरू करा, जाहिरात आली की थांबवा. जाहिरातीनंतर काही वाहिन्या मागची दोन-चार सेकंदं पुन्हा दाखवतात, ती धरू नका. दुसरं, सेन्सॉर प्रमाणपत्रावरची लांबी टिपून घ्या. सुरुवातीला ते काही सेकंदच दिसतं, म्हणून फोटो काढायला एक माणूस आधीच नेमा. जुन्या प्रमाणपत्रावर फूट आणि रिळांची संख्या, नंतरच्यांवर मीटर. डाव्या खालच्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला तर मंडळानं काटछाट करून मगच परवानगी दिली होती, असं समजा.

मग गणित. २४ च्या वेगानं मिनिटाला ९० फूट फिल्म जाते, २५ च्या वेगानं पावणेचौऱ्याण्णव. मीटरमध्ये अनुक्रमे २७.४३ आणि २८.५८. समजा प्रमाणपत्रावर १२,००० फूट आहे. २४ नं तो १३३ मिनिटं चालेल, टीव्हीच्या २५ नं १२८. तुमच्या घड्याळात १२८ आले तर काहीही कापलेलं नाही, पाच मिनिटं वेगानं खाल्ली. ११२ आले तर सोळा मिनिटं गेली, म्हणजे १,५०० फूट, दीड रीळ. हा आकडा हाती आला की चर्चेची दिशाच बदलते.

गेलं ते कुठे गेलं हे शोधायला प्रतीवरच्या खुणा वाचाव्या लागतात. उभ्या रेघा आणि ओरखडे फिल्मचे, कारण फिल्म यंत्रातून उभी धावते. आडव्या पांढऱ्या रेघा आणि तळाशी थरथरणारा वाकडा पट्टा टेपचा. चौकोनी ठोकळे, विशेषतः धूर, पाणी आणि काळोखात, हे डिजिटलचे. जुन्या व्हीसीडीवरून घेतलेल्या प्रतींत ते फार असतात, कारण तिथे चित्राला ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचीच जागा असते. एकाच चित्रपटात तिन्ही खुणा दिसल्या तर ती प्रत फिल्म, टेप, व्हीसीडी असा तिन्ही घाटांचा प्रवास करून आली आहे. हालचालीत प्रत्येक माणसाची फिकट सावली मागे राहत असेल, तर मध्येच कुठेतरी अमेरिकी पद्धतीच्या ३० चौकटींतून आपल्या २५ मध्ये रूपांतर झालेलं असतं. टीव्हीच्या कुठल्याही बटणानं ते जात नाही.

उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर चमकणारा गोल ठिपका पाहून ठेवा. रीळ संपत आल्याची ती ऑपरेटरला खूण असते. पहिला ठिपका रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी, दुसरा सुमारे एक सेकंद आधी. दुसऱ्या ठिपक्यानंतर लगेच वाक्य अर्धवट तुटलं किंवा पात्र एकदम दारातून खुर्चीत गेलं, तर ती झीज आहे. रिळाचं तोंड आणि शेपूट यंत्रात लावता-काढता सर्वांत आधी फाटतात, ऑपरेटर तेवढं कापून सांधा मारतो आणि दर गावी सेकंद-दोन सेकंद जातात. ठिपका दिसतो पण पुढचं सगळं सलग असेल तर रीळ शाबूत. रिळाच्या मध्यावर, ठिपक्यापासून लांब, एक अख्खं गाणं स्वच्छपणे गायब असेल तर ते कुणीतरी ठरवून काढलेलं आहे : वितरकानं, टेपवर उतरवणाऱ्यानं किंवा वाहिनीनं वेळेत बसवण्यासाठी. सेन्सॉरला अख्खं भक्तिगीत कापायचं सहसा काही कारण नसतं.

गाणं मुळात होतं का, हे ठरवायला त्या काळी थिएटरात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका हा सर्वांत भरवशाचा पुरावा. गाणी पडद्यावर येण्याच्या क्रमानं आणि पूर्ण शब्दांत छापलेली असतात, सोबत कथासारही. ग्रामोफोन रेकॉर्डवर मात्र भिस्त ठेवू नका. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतच गाणं बसवावं लागे, त्यामुळे रेकॉर्डसाठी ते वेगळं गायलं जाई. रेकॉर्डवरचं कडवं पडद्यावर नाही, एवढ्यावरून ते कापलं असं म्हणता येत नाही.

आणखी एक गोंधळ खास प्रभातचा. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली ही कंपनी आपले अनेक बोलपट मराठी आणि हिंदी असे दोनदा चित्रित करत असे. ते आवाज बदलून केलेलं डबिंग नव्हतं, दोन वेगळे चित्रपट होते. कोल्हापुरातच झालेल्या ‘अयोध्येचा राजा’ला (१९३२) हिंदी जोडीदार आहे. ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरू मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन. ‘शेजारी’त (१९४१) केशवराव दाते आणि गजानन जागीरदार, तर ‘पडोसी’त जागीरदार आणि मझहर खान. म्हणून ‘मी पूर्वी पाहिला तेव्हा हा प्रसंग असा नव्हता’ म्हणणारा आणि ‘असाच होता’ म्हणणारा, दोघंही खरं बोलत असू शकतात. वाद मिटवायला आधी भाषा आणि नटसंच विचारा.

या चित्रपटांच्या प्रती अशा हालाखीत का, हेही गटाला माहीत हवं. १९५१ च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेटते आणि ठेवल्या ठेवल्या कुजते. आधी मऊ, चिकट होते आणि शेवटी तपकिरी भुकटी. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत जळाला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली. जे उरलं ते बरंचसं दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रतींवर, काही वेळा १६ मिलिमीटरवर. प्रत्येक पिढीत करड्या छटा कमी होतात, पांढरा भडक आणि काळा दाट होतो. चेहरा चुन्यासारखा आणि केस एकच काळा गोळा दिसले, तर तो दोष मेकअपचा किंवा प्रकाशयोजनेचा धरू नका.

माहितीपटांकडे बघताना निराळी सावधगिरी लागते. १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे जुने लघुपट थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवण्यासाठी केलेले, बहुतेक दहा ते वीस मिनिटांचे. त्यामुळे ‘अर्धवट संपला’ ही तक्रार त्यांच्या बाबतीत बहुधा खोटी ठरते. अलीकडच्या माहितीपटांत तीन गोष्टी तपासा. मूकपट काळाच्या चित्रफितीवर टापांचा किंवा गर्दीचा आवाज असेल तर तो नंतर घातलेला आहे. जुनी फीत आजच्या रुंद चौकटीत भरलेली असेल तर डोकी आणि पाय कापलेले असतील. आणि कथापटातला तुकडा खऱ्या घटनेची फीत म्हणून लावला आहे का ते बघा. ओळखायची खूण अशी की कॅमेरा नेमका योग्य जागी आधीच उभा असतो, आणि एकच घटना दोन-तीन कोनांतून दिसते. खऱ्या घटनेला एकटा कॅमेरामन असला की असं होत नाही. फाळके स्वतः फिल्मची पट्टी तपासताना दिसतात ती दृश्यं मात्र अस्सल आहेत. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवायला त्यांनीच १९१७ मध्ये ती घेतली.

हॉलमध्ये बघण्याबद्दल थोडक्यात. तिकीट किंवा वर्गणी लावून प्रक्षेपण दाखवू नका, आणि जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनापासून साठ वर्षांचा असला तरी गाणी आणि कथा यांचे हक्क वेगळे चालतात. आपापल्या घरी बघून कट्ट्यावर फक्त चर्चेला जमणं हा सर्वांत बिनघोर मार्ग. मग प्रत्येकाच्या टीव्हीची मांडणी वेगळी म्हणून वरची गोल वस्तूची चाचणी सगळ्यांनी एकाच दृश्यावर करावी.

चर्चेसाठी पानभर कागद पुरतो. चित्रपटाचं नाव, साल, भाषा, वाहिनी, निव्वळ वेळ, प्रमाणपत्रावरची लांबी, चौकट बरोबर की ताणलेली, खुणा उभ्या-आडव्या-चौकोनी, उड्या कुठे आणि ठिपक्याजवळ की लांब. पहिली दहा मिनिटं फक्त या कागदावर बोला, मग तो बाजूला ठेवून चित्रपटावर. तोच चित्रपट सहा महिन्यांनी दुसऱ्या वाहिनीवर लागला की जुना कागद काढा. दोन वाहिन्यांच्या प्रतींत वेगवेगळे प्रसंग शिल्लक असतात, आणि दोन कागद शेजारी ठेवले की पूर्ण चित्रपट कसा होता याचा बराच अंदाज येतो.

आणि पुस्तिका जमवा. या शहराच्या जुन्या पेठांत, माळ्यावरच्या ट्रंकांत अजूनही त्या निघतात. सापडली तर लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा अडकतो आणि उष्णतेनं शाई जाते. सेलोटेप लावू नका, टाचणी गंजलेली असेल तर हळूच काढा. प्रत्येक पानाचा फोटो सावलीत, वरून सरळ काढा, पुस्तिका साध्या बिनआम्ल कागदात गुंडाळून आडवी ठेवा, आणि फोटोंचा एक संच पुण्याला चित्रपट संग्रहालयाकडे पाठवा. अशा पुस्तिका ते जतन करतात.